रेतीवरचा नेम

मथुरा,

काल तिवारीजी येऊन गेले. आता सत्तरीच्या घरात आहेत, शाळेची हेडमास्तरकी सोडूनही पुष्कळ वर्षं झाली, पण बालाजी घाटावरच्या आपल्या गल्लीच्या सगळ्या पायऱ्या काठी टेकत चढून आले. दारात जोडे काढले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत. मग मला म्हणाले, "पंडितजी, बहूजी की एक बात मेरे पास रह गयी है। अब आपको सौंप दूँ।" सुतकाचं घर, पाणीसुद्धा न घेता त्यांनी ती गोष्ट सांगितली आणि गेले. तेव्हापासून मी तुझ्याशी बोलतोच आहे. आपली उमा स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली. बाप एकटाच पुटपुटतो आहे हे पाहून पोरगी घाबरली असेल. म्हणून शेवटी कागद घेतला.

तिवारीजी काय म्हणाले ते तुला ठाऊकच आहे. मला बारा वर्षं ठाऊक नव्हतं. पण आधी त्या रविवारचं लिहितो, कारण आपल्यात जे काही झालं ते तिथून सुरू झालं.

संक्रांत होऊन आठवडा उलटला होता. शाळेतले आमचे सायन्सचे मास्तर घोषालबाबू यांनी हवेची बंदूक घेतली होती. कँटोन्मेंटातला कोणी साहेब विलायतेला परत चालला होता, त्याच्या सामानात ती त्यांना मिळाली. शाळेत आठ दिवस दुसरा विषय नव्हता. मग घोषालबाबूंनीच ठरवलं की रविवारी गंगेच्या पलीकडे रेतीवर जायचं, नेमबाजी करायची, आणि मास्तरांनी एकेकट्यानं न येता जोडीनं यायचं. तिवारीजी विधुर, ते एकटे येणार होते. मी घरी येऊन हे तुला सांगितलं ते हसण्यावारी न्यायला. वैदिकाच्या घरची सून, बंगाल्यांबरोबर होडीत बसून बंदूक बघायला जाणार, हे तुलाही चमत्कारिक वाटेल असं मला वाटलं होतं. तू पोळपाट धुवत होतीस. मान वर न करता विचारलंस, "मलाही झाडू देतील का?"

मला जायचं नव्हतं. का नव्हतं ते तुला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी थंडीचं सांगितलं, लोक काय म्हणतील ते सांगितलं. तू म्हणालीस, लोकांनी माझं नावसुद्धा सोडलेलं नाही, काशीत राहते आणि मथुरा म्हणवते, अशी थट्टा लग्नापासून ऐकते आहे. आणखी एक थट्टा झाली तर काय बिघडलं. दुसऱ्या दिवशी तू दशम्या केल्यास, तिळाच्या वड्यांचा डबा भरलास, आणि माझ्यापाशी नाही म्हणायला काही उरलं नाही.

होडी नन्हकूची होती. आपल्या घाटाचा तो म्हातारा मल्लाह, पाय सुजलेले, अंगावर काळं कांबळं. पलीकडे उतरलो तेव्हा धुकं निवळून ऊन चढलं होतं. त्या पांढऱ्या रेतीवर ऊन पडलं की काय होतं ते मी होडीतच विसरलो होतो. पाय टाकला आणि माझ्यापुढे सगळं पांढरं झालं. मागे घाट नाही, पुढे झाडी नाही. माणसं नुसती आवाजांवरून कळत होती.

मथुरा, मी दहा महिने लपवत होतो. दिव्यांभोवती वर्तुळं दिसू लागली तिथून सुरुवात झाली. मग पुस्तकातली अक्षरं दुधात बुडाल्यासारखी. गणिताचं पुस्तक मला तोंडपाठ होतं, म्हणून वर्ग चालला होता. फळ्यावर पोराला लिहायला लावायचो आणि दुसऱ्याला मोठ्यानं वाचायला. शाळेला वाटत होतं ही शिकवण्याची नवी तऱ्हा आहे. घरात तर सगळ्या वस्तू तू जिथल्या तिथे ठेवायचीस, त्यामुळे मला चाचपडावं लागत नव्हतं. तुझ्या नेटकेपणाच्या आड मी लपलो होतो.

घोषालबाबूंनी एक फळी रेतीत रोवून तिच्यावर मातीची कुल्हडं मांडली. पंधरा पावलं मोजून रेघ मारली. मग बंदूक कशी चालते ते सांगायला लागले, आणि त्यांना खरी शिष्या मिळाली ती तू. दारू नाही तर गोळी जाते कशी, हे तूच विचारलंस. त्यांनी नळी मधोमध वाकवून दाखवली, आतली स्प्रिंग दाबली की हवा कोंडते आणि सुटली की छर्रा घेऊन धावते, हे समजावलं. तू म्हणालीस, "म्हणजे राग आवरून धरल्यासारखं." तुझ्या मोडक्या हिंदीतून ते त्यांना कळायला वेळ लागला, पण कळल्यावर ते खूश झाले. वर्गात असं कोणी बोलत नाही, म्हणाले.

पहिले नेम त्यांचेच. पाचात तीन फुटली. तिवारीजींनी पाचही छर्रे रेतीत घातले आणि स्वतःच हसले. घोषालबाबूंच्या बायकोनं बंदूक हातात घेतली, डोळे गच्च मिटले म्हणे, आणि तशीच परत दिली. मग तू पुढे झालीस. कासोटा सारखा केलास, पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचलास. हे मला दिसलं नाही. पण पदर खोचताना तुझ्या बांगड्या कशा वाजायच्या ते मला पाठ होतं. पहिला छर्रा रेतीत गेला. दुसऱ्यानं काहीतरी टिचलं. तिसऱ्याला फुटल्याचा स्वच्छ आवाज आला, आणि त्यापाठोपाठ तुझं हसणं.

तसं हसणं मी लग्न झाल्यापासून दोन-तीनदाच ऐकलं असेल. तू घरात हसायचीस, पण पदर तोंडाशी धरून. त्या रेतीवर हसताना पदर तू कमरेला खोचला होतास, तोंडाशी धरायला काही नव्हतं. माझ्या मनात आलं, हिचा चेहरा आत्ता बघायला हवा होता. दहा पावलांवर माझी बायको आयुष्यात नसेल तेवढी खूश होऊन उभी होती, आणि मी तिथे असून तिथे नव्हतो.

तुझ्यानंतर सगळे माझ्या मागे लागले. मी म्हटलं, वेद म्हणणाऱ्या घरातले हात, हे काम आपलं नाही. तिवारीजी म्हणाले, बहूजींनी घराण्याचा धर्म बुडवलाच आहे, आता तुम्ही मागे कशाला. हसत म्हणाले, पण हेडमास्तर म्हणाले. मी बंदूक घेतली. दस्ता खांद्याला लावला. पुढे सगळा पांढरा लोळ होता आणि त्यात एक काळपट डाग दिसत होता. मला वाटलं तीच फळी. मी त्या डागावर नेम धरला आणि चापावर बोट ठेवलं.

तेवढ्यात तू माझ्या कोपराला धरलंस.

चार माणसांसमोर तू मला कधी हात लावला नव्हतास. घोषालबाबूंची बायको खुदकन हसली, तिवारीजींनी तोंड गंगेकडे फिरवलं असं नंतर तूच सांगितलंस. त्यांना वाटलं बाईला नवऱ्याचं फार कौतुक आलं. तू माझ्या कानाशी, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून, मराठीत म्हणालीस, "तो नन्हकू आहे. तुम्ही नन्हकूच्या पाठीवर नेम धरलाय. काही बोलू नका. उजवीकडे वळा."

नन्हकू कांबळं पांघरून, आमच्याकडे पाठ करून जेवणासाठी लिट्टीचे गोळे भाजत बसला होता. मी वळलो. "अजून. अजून थोडं. आता खाली. थांबा. ओढा." मी चाप ओढला. कुल्हड फुटलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घोषालबाबू पुढचा छर्रा घालायला हात पुढे करत होते. तू मोठ्यानं हिंदीत म्हणालीस की यांचा खांदा मागच्या साली पायऱ्यांवर पडल्यापासून दुखतो, बस झालं. मी कधी पडलो नव्हतो. बंदूक तू माझ्या हातातून काढून घेतलीस, इतक्या सहज की मला ती सोडावी लागली.

परतताना होडीत तू घोषालबाबूंच्या बायकोशेजारी जाऊन बसलीस. नन्हकू वल्हवता वल्हवता काही गुणगुणत होता आणि मला त्याच्याकडे तोंड करून बसवत नव्हतं. छर्रा काही मोठा नसतो, पण त्यानं मान वळवली असती तर? डोळा गेला असता. एका आंधळ्यानं दुसरा केला असता.

घरी आल्यावर तू पाट मांडलास, ताट वाढलंस आणि समोर बसलीस.

"कधीपासून?" तू विचारलंस.

मी म्हटलं, काय कधीपासून. भात निवत होता. शेवटी मी सांगितलं की चैत्रापासून.

मला वाटलं होतं तू रडशील किंवा ओरडशील. तू एवढंच म्हणालीस की उद्या इस्पितळात जायचं, तिथे डोळ्यांचे डॉक्टर आहेत, मोतीबिंदू काढतात, आपल्या घाटावरचे कितीजण करून आलेत. आणि मी ताटावरून उठलो.

माझ्या वडलांचं तुला माहीत होतं, पण तू ते पाहिलं नव्हतंस. तू सून म्हणून आलीस तेव्हा ते कायमचे आंधळे झालेले होते. मी अकरा वर्षांचा असताना डोळ्यांत सुई घालून मोतीबिंदू सारणारा एक माणूस गल्लीत आला होता. दोन दिवस त्यांना दिसलं. घाट दिसला, मी दिसलो. तिसऱ्या दिवशी डोळे सुजले, महिनाभरात दोन्ही गेले. त्यांचं अडलं नाही, कारण त्यांचं सगळं मुखोद्गत होतं. आंधळा वैदिक चालतो, उलट लोक जास्त पाया पडतात. आंधळा गणिताचा मास्तर कोणाला चालेल? मी तुला म्हटलं, जेवढं दिसतंय तेवढं मला पुरतं. तू म्हणालीस, "तुम्हाला पुरतं. नन्हकूला पुरलं नसतं." हे तू एकदाच म्हणालीस, पण मला ते रोज ऐकू यायचं.

इस्पितळाचा विषय मी काढू दिला नाही, तेव्हा तू दुसरी वाट धरलीस. शाळेचे पेपर मी घरी आणायचो, ते तू वाचून दाखवू लागलीस. दुपारी जेवणं उरकली की खिडकीशी बसायचो. तू पोराचं उत्तर वाचायचीस, मी बरोबर की चूक सांगायचो, तू लाल पेन्सिलीनं खूण करायचीस. तुला वडलांनी वाचायला शिकवलं होतं, हिशेब मात्र भाजीवाल्यापुरता. चैत्र येईपर्यंत तू त्रैराशिक समजू लागली होतीस. एकदा तर पोरानं पायरी गाळली ती मी सांगायच्या आधी तू पकडलीस. त्या दुपारी मला आवडायच्या, मथुरा. हे तुला कधी सांगितलं नाही. वीस वर्षं एका घरात राहून आपण तोवर एका कामाला दोघं कधी बसलो नव्हतो.

आणि त्या दुपारीही मीच मोडल्या. वार्षिक परीक्षेचा गठ्ठा होता. तू एक उत्तर वाचत होतीस, मी मध्येच चूक म्हणालो. तू म्हणालीस, "पुरतं ऐका तरी. यानं रीत बरोबर धरलीय." खरंच बरोबर होती. मला तेच सहन झालं नाही. मी कागद तुझ्या हातातून ओढून घेतला आणि विचारलं, मास्तर मी आहे की तू? तू पेन्सिल खाली ठेवून उठलीस. तो सगळा गठ्ठा मी एकट्यानं तपासला. कागद नाकाला लावून, खिडकीत वाकून, अर्धं दिसलं तर अर्धं अंदाजानं. हुशार पोरं नापास झाली, ज्यांनी चित्रं काढली होती ती पास झाली. निकाल लागला आणि पालक शाळेच्या दारात उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी तिवारीजींनी मला खोलीत बोलावलं. त्यांनी दार लावलं आणि म्हणाले, "तीन महीने की छुट्टी लीजिए और आँख बनवा लीजिए। बहूजी कल घर आयी थीं। सब बता गयी हैं।"

नोकरी राहिली याचा आनंद व्हायला हवा होता. मला फक्त एवढंच कळलं की माझ्या बायकोनं माझ्या हेडमास्तरांच्या घरी जाऊन मी आंधळा झालो असं सांगितलं. मी तसाच घरी आलो. तू तांदूळ निवडत होतीस. मी विचारलं, तू गेली होतीस? तू हो म्हणालीस. सगळं सांगितलंस? सांगितलं, म्हणालीस.

"माझी चहाडी केलीस तू," मी म्हटलं.

सुपातला हात क्षणभर थांबला. "केली," तू म्हणालीस.

त्यावर मी जे बोललो ते इथे लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो. मी म्हटलं, आता जातोच इस्पितळात, आणि बापासारखा पुरता आंधळा झालो तर ते तुझ्या माथी. तू सूप उचलून आत गेलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा, भिंती चाचपत, तुला बरोबर न घेता निघालो. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर कळलं की तू मागून येते आहेस. मी थांबलो नाही आणि तू जवळ आली नाहीस. दहा पावलांचं अंतर ठेवून आपण इस्पितळापर्यंत चाललो. काशीतल्या सगळ्या सांडांनी त्या दिवशी मला वाट दिली, असं मी नंतर म्हणायचो. सांडांना हाकलत कोण होतं ते मला माहीत होतं.

डोळा कापल्यावर नऊ दिवस पट्टी. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. बोलायलाही मनाई, पण मला बोलायचंच नव्हतं. तू रोज येऊन स्टुलावर बसायचीस आणि बातम्या सांगायचीस. पंचगंगा घाटाला पाणी कुठल्या पायरीला लागलं. कोणाच्या गाईला कालवड झाली. उमानं पहिल्यांदा आमटी केली आणि मीठ दोनदा घातलं. माझ्याकडून हूं नाही की चूं नाही, आणि तू सांगतच राहायचीस, जणू मी विचारतोच आहे. आज मी लिहितो आहे आणि तुझ्याकडून काही येत नाही, तेव्हा मला कळतंय की ते नऊ दिवस तुला किती लांब गेले असतील.

पट्टी सोडली. डॉक्टरांनी बोटं मोजायला लावली, मी मोजली. मग ते बाजूला झाले आणि मागे तू होतीस. अंधुक होतीस, चष्मा अजून यायचा होता, पण तू होतीस. सव्वा वर्षानं मी तुला पाहिलं. तुझ्या कानांवरचे केस पांढरे झाले होते. मला मेल्याला दुसरं काही सुचलं नाही. म्हटलं, "केस पिकले की तुझे." तू म्हणालीस, "हो, मध्यंतरी." आणि खाली बघून हसलीस. तेव्हा मी पुढे काही म्हणायला हवं होतं. नर्स आली आणि ते राहिलं.

ते राहिलं ते राहूनच गेलं. वर्षभरात दुसरा डोळाही झाला. मी जाड भिंगांचा चष्मा लावून बारा वर्षं शिकवलं, उमाचं लग्न केलं, तिला ग्वाल्हेरला पाठवलं. वाईट नव्हती ती वर्षं. दुपारच्या वेळी तू पुन्हा माझ्याशेजारी बसू लागलीस, आता वाचायला नव्हे, नुसती. कठीण पेपर आला की मी तो तुझ्याकडे सरकवायचो. पण मनात एक काटा ठेवला होता मी, आणि तो वापरायचो. काही वाद झाला, दुधावरून, नातलगांवरून, की मी म्हणायचो, "जा, सांग तिवारीजींना." पहिल्यांदा रागानं म्हटलं असेल. नंतर सवय झाली. एकदा जावयासमोर म्हटलं. त्यांनी विचारलं, कोण तिवारीजी? मी तो सगळा किस्सा रंगवून सांगितला, बायकोनं नवऱ्याची चहाडी कशी केली तो. जावई हसले. तू गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेलीस. ऊन चांगलं होतं, कपडे अजून ओले होते.

रेतीवर पुन्हा जाऊ या, असं तू तीन-चारदा म्हणाली होतीस. घोषालबाबूंनी बंदूक अजून ठेवली आहे, आता तुम्हाला दिसतं, तुम्ही मारा, मी बघते. मी दर वेळी काही ना काही कारण काढलं. खरं कारण हे की त्या जागी मला लाज वाटायची. तुला तिथे काय वाटायचं ते मी विचारलं नाही.

भाद्रपदात ताप आला. चार दिवस साधा वाटला. पाचव्या दिवशी वैद्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मला दिसलं. डोळे बरे झाल्याचं दुःख मला तेव्हा एकदाच झालं. शेवटच्या सकाळी तू विचारलंस, दूध आलं का. आलं, म्हटलं. तापवलंत? तापवलं. झाकलंत? मी झाकलं नव्हतं. झाकायला गेलो, तेवढ्यात तू गेलीस.

आता तिवारीजींची गोष्ट.

ते म्हणाले, तू त्यांच्या घरी गेलीस तेव्हा माझे डोळे गेल्याचं त्यांना आधीच माहीत होतं. पोरं फळा वाचून दाखवतात हे घरोघर पोचलं होतं. इन्स्पेक्टर साहेबांना कागद पाठवायचा होता आणि त्यात या मास्तरांना काढा असंच लिहावं लागणार होतं. तू त्यांच्या ओट्यावर उभी राहिलीस, आत या म्हटलं तरी आली नाहीस, आणि सांगितलंस की तो गठ्ठा यांनी नाही, मी तपासला. ते दुपारी झोपले होते, मला हौस आली, मी खुणा केल्या. चूक माझी आहे, पोरांचे पेपर दुसऱ्याकडून तपासून घ्या, पण त्यांना काढू नका, त्यांचे डोळे बरे होणारे आहेत.

"मैं जानता था झूठ है," तिवारीजी मला म्हणाले. "पर बहूजी ने नज़र नहीं झुकायी।"

त्यांनी सगळे पेपर पुन्हा तपासून घेतले. साहेबांच्या कागदावर माझा आजार आणि तीन महिन्यांची रजा एवढंच लिहिलं. आणि तुला म्हणाले, मी पंडितजींना सांगतो की तुम्ही दोष आपल्यावर घेतलात. तू नको म्हणालीस. त्यांना एवढंच सांगा, म्हणालीस, की मी आले आणि सगळं सांगून गेले.

तिवारीजींनी विचारलं, असं कशाला? ते तर तुमच्यावरच बिघडतील. तुझं उत्तर त्यांना बारा वर्षं शब्दशः लक्षात राहिलं होतं. तुझ्या त्या मराठी हेलासकट त्यांनी मला म्हणून दाखवलं: "बिगड़ने दीजिए। हमारे ऊपर बिगड़ेंगे तो गुस्से में अस्पताल चले जायेंगे। अपने ऊपर बिगड़े, तो घर में बैठ जायेंगे।"

आणि मी रागातच गेलो. तू म्हणाली होतीस अगदी तसाच.

कालपासून मी तुझ्याशी भांडतो आहे ते यावरून. पट्टी सुटल्यावर काय धोका होता? मला दिसू लागलं होतं, नोकरी होती, मग एकदा तरी सांगायचंस. मी "जा, सांग तिवारीजींना" म्हणायचो तेव्हा तुझ्याकडे उत्तर तयार होतं, एका वाक्यात मी गप्प झालो असतो, जन्मभर गप्प झालो असतो. जावयासमोर तरी बोलायचंस. कधी वाटतं, मी शरमेनं मोडेन म्हणून तू बोलली नाहीस. कधी वाटतं, तुला माझाच राग होता आणि तू तो न बोलता ठेवलास. तसं असेल तर तो तुझा हक्क होता. आणि सगळ्यात जड वाटतं ते हे, की तू कदाचित वाट बघत होतीस. तिवारीजींकडे तू काय बोललीस ते मला ठाऊक नसलं तरी डोळे कोणामुळे आले ते ठाऊक होतं. तेवढ्यावर मी काही म्हणेन, असं तुला वाटलं असेल.

संध्याकाळी उमानं विचारलं, तिवारीजी काय म्हणाले. मी तिला सगळं सांगितलं, रेतीपासून. आईनं बंदूक चालवली हे तिला माहीतच नव्हतं. ती मध्येच हसली, मग रडली. शेवटी म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला कधी म्हणालात का, बरं केलंस म्हणून?"

मी नाही म्हणालो. ती उठली, पाट मांडला, ताट वाढलं आणि तू बसायचीस तशी समोर बसली. घास उतरत नव्हता, पण तिच्यासाठी जेवलो.

मथुरा, तू त्यांच्याकडे गेलीस ते बरं केलंस. हे मला तुझे डोळे उघडे असताना म्हणायला हवं होतं.